सरस कधी वाळला?

माझ्या दुसऱ्या कादंबरीवर बरेच अभिप्राय आले. आपल्या पुस्तकावरच्या अभिप्रायांची चर्चा लेखकाने स्वतःच करू नये, हा शिष्टाचार मला ठाऊक आहे. परंतु ज्या अभिप्रायाविषयी मी येथे लिहिणार आहे तो कोठेही छापून आलेला नाही आणि तो अवघ्या तीन शब्दांचा आहे. म्हणून वाचकांनी एवढी मोकळीक मला द्यावी.

या कादंबरीचा नायक तानपुरे करणारा एक कारागीर आहे. त्याची बायको वारते. तिला पोचवून आल्यावर तो कारखान्याचे दार आतून लावून घेतो आणि रात्रभर काम करीत बसतो. पहाटे दार उघडते तेव्हा त्याच्या मांडीवर एक तानपुरा असतो. तसा तानपुरा त्याच्या हातून पूर्वी कधी झालेला नसतो आणि पुढेही कधी होत नाही. हे प्रकरण वाचकांना फार आवडले. एका परीक्षणात तर कलावंताच्या निर्मितिक्षणाचे इतके उत्कट चित्रण अलीकडे वाचनात आले नव्हते, असे लिहिले होते. ते कात्रण मी जपून ठेवले, आणि घरी कोणी नसताना दोन-तीनदा काढून वाचलेही.

त्या आनंदाच्या भरात मी पुस्तकाची एक प्रत मिरजेला पाठवली. पोरवयात दीड वर्ष ज्यांच्या हाताखाली मी काढले, ते तंतुवाद्यांचे कारागीर अजून तेथे आहेत. त्यांना मी उस्ताद म्हणत असे, आजही म्हणतो. त्यांची नजर आता अधू झाली आहे. नातवाने रोज संध्याकाळी थोडी थोडी करून त्यांना सगळी कादंबरी वाचून दाखवली. सुट्टीत मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी प्रथम चहा मागवला. हत्यारांची नावे बरोबर लिहिली आहेस, म्हणाले. बाईचे मरणही चांगले लिहिले आहेस, म्हणाले. मग जरा वेळ गप्प बसून त्यांनी विचारले, “मास्तर, सरस कधी वाळला?”

पूर्वी ते मला ‘पोरा’ म्हणत. ‘मास्तर’ हे संबोधन त्या दिवशी मला जरा लागले. पण त्याहून प्रश्न लागला, कारण त्याला उत्तर नव्हते. भोपळ्याला गळा आणि दांडी सरसाने जोडतात, दोरीने आवळून बांधतात आणि तसेच ठेवून देतात. सरस पक्का वाळेपर्यंत त्या जोडाला कोणी हात लावीत नाही. मग तबली बसवायची. पुन्हा सरस, पुन्हा थांबणे. त्यानंतर घासकाम, नक्षी, पॉलिशचे हात, खुंट्या, तारा, आणि सगळ्यांच्या शेवटी जवारी. माझा नायक कितीही दुःखात असला तरी पहाटेपर्यंत तो फार तर पहिल्या सरसापर्यंत पोचला असता. सरसाला त्याचे दुःख कळत नाही.

मला खंत वाटली ती चूक झाली याची नव्हे. चुका सगळ्यांच्याच होतात. ज्या मुलाने महिनोन् महिने त्याच कारखान्यात सरसाचे भांडे चुलीवर धरले होते, तोच मुलगा लेखक होऊन टेबलाशी बसल्यावर सरस विसरला कसा? या प्रश्नाचा विचार करता करता मी माझ्या पुस्तकापासून निघालो आणि आपल्या एकंदर वाङ्मयापर्यंत येऊन पोचलो. तोच विचार दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवतो.

२

त्या दीड वर्षाची हकीकत आधी थोडक्यात सांगितली पाहिजे.

माझा दहावीचा निकाल लागला. आमच्या घरी त्या परीक्षेला अजून मॅट्रिकच म्हणत. पुढे शिकवण्याची घरची ऐपत नव्हती. मिरजेला मावशी राहत असे. तिच्या ओळखीने मी या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे रस्त्यावरची एक लांबट खोली. वर माळ्यावर वाळलेले कडू भोपळे रचून ठेवलेले, कोपऱ्यात तुणाच्या लाकडाच्या फळ्या, आणि जमिनीवर लाकडाच्या भुशाचा थर. हे भोपळे पंढरपूरकडून येत. भाजीचा भोपळा आणि हा भोपळा यांत फरक आहे. हा खायला कडू असतो, त्याची साल जाड असते, आणि तो वेलावर व पुढे माळ्यावर चांगला वाळावा लागतो.

पहिले चार महिने मी झाडलोट केली, चहा आणला आणि सरस तापवला. सरस थेट आचेवर ठेवला तर जळतो. म्हणून पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे बसवून तो तापवतात. तो किती पातळ झाला म्हणजे लावायचा, हे मला कोणी सांगितले नाही. मी भांडे नेऊन देई. उस्ताद काडीने थेंब उचलून पाहत आणि न बोलता परत करीत. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी ते परत केले नाही. माझे पहिले उत्तीर्ण होणे ते असे झाले. त्याला साक्षीदार कोणी नव्हता आणि माझी पाठही कोणी थोपटली नाही.

पुढे हत्यारांना धार लावण्याचे काम आले. पटाशी दगडावर कशी धरायची हे एकदा, फक्त एकदा, त्यांनी माझे मनगट हातात धरून दाखवले. मग दोन महिने मी धारच लावीत होतो. पटाशीचा कोन हातात बसला आहे की नाही, हे दगडावरच्या आवाजावरून त्यांना पाठमोरे असतानाही कळे. आवाज बिघडला की ते नुसते ‘हूं’ म्हणत. शाळेत दहा वर्षे माझ्याशी पुष्कळ लोक पुष्कळ बोलले होते. पण या एका ‘हूं’ने मला जेवढे शिकवले तेवढे त्यांतल्या फार थोड्यांनी शिकवले असेल.

त्यानंतर भोपळा. तो पाण्यात भिजवून नरम करायचा, कापायचा, आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या, आणि आकार धरावा म्हणून आधार देऊन पुन्हा वाळवायचा. कापण्यापूर्वी उस्ताद भोपळ्यावर टिचक्या मारून ऐकत. मीही तसेच करू लागलो. मला काही ऐकू येत नसे, पण टिचकी मारण्याचा डौल मात्र लवकर आला. याला ते हसत. शिकाऊ माणसाला आधी उस्तादाचा डौल येतो. काम त्याच्या मागून पुष्कळ उशिरा येते. लेखनातही हेच होते.

सर्वांत अवघड जवारी. तानपुऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा सपाट नसतो. त्याला अगदी सूक्ष्म उतार असतो. त्या उतारावर तार चाटून जाते म्हणून तिच्यातून तो गुंजारव निघतो. तारेखाली सुताचा धागा सरकवून त्याची जागा नेमकी करतात. उतार कमी पडला तर आवाज बंद राहतो, जास्त झाला तर तार चरचरते. कारागीर घोडी किंचित घासतो, तारा चढवतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो, पुन्हा घासतो. किती घासायचे याचे माप नाही. घासले गेलेले परत भरता येत नाही. हे काम चालले असताना मी मागे बसत असे. मधूनच न वळता ते विचारीत, “आता?” मी म्हणे, “खुली.” ते मान हलवीत आणि पुन्हा घासायला लागत. अशी किती ‘आता’ चुकली याची गणती नाही. पण एके दिवशी मी “नाही अजून” म्हणालो, आणि त्यांनी हातातली कानस खाली ठेवून पहिल्यांदाच माझ्याकडे वळून पाहिले. हाताच्या आधी माझा कान शिकला होता.

हात शिकायच्या आत मी निघून आलो. एका शाळेत काम मिळत होते. मी जायचे सांगितले तेव्हा त्यांनी अडवले नाही. “हत्यारांना धार लावून ठेव, मग जा,” एवढेच म्हणाले. मी ती सगळी हत्यारे धारेला लावली आणि संध्याकाळच्या गाडीने परतलो.

३

आपल्या जुन्या मराठीत या शिकण्याला ‘उमेदवारी’ म्हणत. पगार नाही, पण पुढे मिळेल या उमेदीवर जो राबतो तो उमेदवार. आज हा शब्द निवडणुकीने पळवला आहे. कायद्याने मात्र तो जपून ठेवला. १९६१ सालचा जो केंद्रीय कायदा आहे, त्याला मराठीत शिकाऊ उमेदवारांचाच कायदा म्हणतात. त्या कायद्याने शिकाऊ मुलाशी करार करणे, त्याला विद्यावेतन देणे आणि शिकण्याची मुदत ठरवणे मालकावर बंधनकारक केले. ते योग्यच झाले. उमेदीच्या नावाखाली पोरांना वर्षानुवर्षे फुकट राबवण्याची रीत आपल्याकडे काही थोडी नव्हती. मलाही पहिले सहा महिने चहाखेरीज काही मिळाले नाही, आणि मावशीच्या घरी जेवताना ते मला रोज आठवे. तेव्हा या लेखात मी त्या दिवसांची आरती ओवाळणार आहे, असे कोणी समजू नये.

माझा प्रश्न वाङ्मयाचा आहे. माणूस हाताचे कसब कसे शिकतो, ही गोष्ट आपल्या वाङ्मयाने सांगितली आहे काय?

एका क्षेत्रात ती उत्तम सांगितली आहे. ते क्षेत्र म्हणजे गाणे. गोविंदराव टेंब्यांचा ‘माझा संगीत व्यासंग’, प्रा. बी. आर. देवधरांचे ‘थोर संगीतकार’, १९६१ साली निघालेली वामनराव देशपांड्यांची ‘घरंदाज गायकी’ ही पुस्तके ज्याने वाचली, त्याला तालीम म्हणजे काय हे निराळे सांगायला नको. भास्करबुवा बखल्यांसारखा गायक एका उस्तादाकडून दुसऱ्याकडे आणि तेथून तिसऱ्याकडे विद्या गोळा करीत कसा गेला, घराण्याची शिस्त गळ्यात कशी उतरते, हे सांगणारे गद्य मराठीत आहे, आणि ते कोणत्याही भाषेने मिरवावे असे आहे.

पण ज्या तानपुऱ्याच्या छायेत ही सगळी तालीम झाली, तो तानपुरा करणारा कोठे आहे? अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. १९३७ साली ते वारले, तेथेच त्यांना मूठमाती मिळाली आणि आजही तेथे त्यांच्या नावाने गाणे होते. त्यांच्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. त्याच मिरजेत, त्याच गावाच्या गल्लीत, दीडशेहून अधिक वर्षे वाद्ये घडत आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मानांकन मिळाले, कथा मिळाली नाही. कथा-कादंबऱ्यांत हा कारागीर आला तर दाराशी वाद्य घेऊन येतो, पैसे घेतो आणि जातो.

याचे एक कारण सरळ आहे. लेखक मैफलीत बसतो. कारखान्यात बसत नाही. गायकाची तालीम त्याने प्रत्यक्ष पाहिलेली नसली तरी गायक स्वतः ती रंगवून सांगतो, कारण बोलणे आणि गाणे हे शेजारी आहेत. कारागिराला आपले कसब शब्दांत सांगता येत नाही. तो ‘बघ’ म्हणतो. जे बघूनच कळते ते लिहिणाऱ्याच्या हाती लागत नाही.

४

कारागीर मराठी पुस्तकांत मुळीच नाही, असे कोणी म्हणू नये. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ निघाला. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, सगळे बलुतेदार त्यात आहेत. त्यांची कामे, त्यांचे हक्क, त्यांची भांडणे आहेत. असा ग्रंथ मराठीत पूर्वी नव्हता, आणि त्याची भाषा आजही टवटवीत वाटते. परंतु आत्रे सरकारी नोकरीत वावरलेले होते. गावाचा गाडा चालतो कसा आणि अडतो कोठे, हे ते पाहतात. वतनाच्या आधाराने माणूस कामाला शिथिल होतो, हे त्यांनी परखडपणे मांडले. हे सगळे खरे असेल. पण सुताराचा पोर वाकस कसा धरायला शिकला, हे त्या दृष्टीच्या टप्प्यात येत नाही. गाडा दिसतो, चाक घडवणाऱ्याचे शिकणे दिसत नाही.

नंतरच्या काळात, ज्यांनी हत्यार हातात धरले होते असे लोक स्वतःच लिहू लागले. आता तरी ती गोष्ट यायला हवी होती. ती आली नाही, आणि का आली नाही हे समजून घेण्यासारखे आहे. लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ १९८० सालचे. कैकाडी समाजातले हे कुटुंब गाढवावर बिऱ्हाड टाकून गावोगाव हिंडते, टोपल्या विणते आणि पोट भरते. बाप मुलाला शाळेत घालतो आणि त्यासाठी जातीचा रोष पत्करतो. १९८७ सालची आनंद यादवांची ‘झोंबी’ कागलच्या मळ्यातली आहे. तेथे उलट बापच मुलाला शाळेतून काढून मळ्यात जुंपतो, आणि पोर मॅट्रिकपर्यंत पोचण्यासाठी त्याच्याशी झोंबी घेते. या दोन पुस्तकांची प्रकृती निराळी, भाषा निराळी. पण दोहोंतही नायकाची वाट एकच आहे. हातातले काम सोडून तो पाटीकडे जातो. टोपली विणण्यात किंवा मोट हाकण्यात तो तरबेज झाला असेल; पण त्याचे तरबेज होणे ही त्याची गोष्ट नव्हे. ते काम सुटणे ही त्याची गोष्ट आहे.

यावर कोणी हळहळू लागला तर मला त्याचा राग येतो. डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते की, जातिव्यवस्था ही नुसती श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. ज्याच्या हाती हत्यार जन्मानेच दिले, ज्याला दुसरे काही धरण्याची मुभाच नव्हती, त्याने त्या हत्याराची गोडी गावी अशी अपेक्षा करायची कोणी? ज्याने कधी हत्यार धरले नाही त्याने तर नाहीच नाही. मी दीड वर्ष पटाशी धरली ती माझ्या इच्छेने, आणि कंटाळा आला तेव्हा ठेवली तीही माझ्या इच्छेने. मागे जायला मला घर होते, पुढे जायला शाळा होती. ही मोकळीक ज्यांना नव्हती त्यांचे पुस्तक सुटकेचेच असणार.

पण इतके मान्य केल्यावरही एक गोष्ट उरते. मिरजेच्या वाद्यांची परंपरा ज्या फरीदसाहेबांपासून सांगतात, ते शिकलगार होते. शिकलगारांचे काम तलवारी-भाल्यांना धार आणि पाणी देण्याचे. राज्ये गेली, शस्त्रे खाली ठेवली गेली, आणि त्या घराण्याने वाद्यांच्या दुरुस्तीत हात घातला. दुरुस्त करता करता ते नवी वाद्ये करू लागले. म्हणजे आज जिला आपण पिढीजात कला म्हणतो, तिच्या मुळाशी एक असा माणूस आहे ज्याला ती वाडवडिलांकडून मिळाली नव्हती. त्याने बिघडलेला तानपुरा उघडून पाहिला असेल आणि तो पुन्हा बंद करताना चुकाही केल्या असतील. जन्माने मिळालेल्या कसबाच्या आड हे निवडून शिकलेले कसब झाकले जाते. कारागिराच्या जातीवर लिहिणे आवश्यक होते, ते लिहिले गेले आणि अजून लिहिले जावे. त्याच्या शिकण्यावर लिहिणे मात्र राहून गेले.

५

या बाबतीत मला एकाच पुस्तकाने मनापासून समाधान दिले, आणि ते सुतारकामाचे किंवा वाद्यांचे नाही. ते व्ही. शांताराम यांचे आत्मचरित्र, ‘शांतारामा’.

कोल्हापूरचे बाबूराव मिस्त्री, ज्यांना सारा महाराष्ट्र बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो, हे स्वतःच घडलेले कारागीर होते. कॅमेरा विकत आणून वापरण्याऐवजी त्यांनी तो कोल्हापुरात घडवला. बरोबरीने हे वेड घेतलेले त्यांचे नातलग आनंदराव पेंटर १९१६ साली वारले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून ते काम तडीस नेले, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्याच साली शांताराम त्यांच्या कंपनीत उमेदवार म्हणून आले. दामले, फत्तेलाल, धायबर हीही त्याच कारखान्यातली माणसे. त्या वेळी सिनेमा शिकवणारी शाळा देशात नव्हती. शाळा म्हणजे बाबूराव. आणि बाबूराव थोडे बोलत.

या पुस्तकातल्या कंपनीच्या दिवसांकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. पडेल ते काम अंगावर घेणारा, सगळीकडे डोळे लावून बसणारा आणि गुरूच्या बोलण्यापेक्षा त्याच्या हाताकडे पाहून शिकणारा एक मुलगा तेथे आहे. त्याला हे काम जातीने दिलेले नव्हते. त्याने ते निवडले होते, आणि म्हणून त्याला त्याची गोडी लाज न वाटता सांगता येते. सरसाचे भांडे परत न करणाऱ्या उस्तादाला मी जितका ओळखतो, तितकाच मला तेथला गुरू ओळखीचा वाटतो.

उमेदवारीच्या गोष्टीत नेहमी एक दुखरा भाग असतो, तोही येथे आहे. शिष्य तयार झाला की जातो. १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्ण्यांच्या साह्याने त्यांनी प्रभात काढली. पुढे १९३६ साली दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ आला, आणि दुसऱ्या वर्षी व्हेनिसला त्याचा गौरव झाला. ज्या हातांनी कोल्हापुरात पडदे रंगवले आणि यंत्रे जुळवली, त्या हातांचे हे यश. आणि ज्याने ते हात तयार केले, त्याची कंपनी मात्र त्या चौघांच्या जाण्यानंतर फार काळ टिकली नाही. यात दोष कोणाचा हे शोधू नये. शिष्य गेला नाही तर शिकवणे पुरे होत नाही, आणि गेला तर गुरूचा हात रिकामा होतो. या पेचावर एखादी थोर मराठी कादंबरी व्हायला हवी होती.

या पुस्तकाबद्दल माझी एक तक्रारही आहे. आत्मचरित्र नायकाचे असते. त्यामुळे उमेदवारीचे दिवस कीर्तीच्या देवळाच्या पायऱ्या होतात. वाचक त्यांवरून भराभर वर जातो, कारण वर काय आहे हे त्याला आधीच ठाऊक असते. जो उमेदवार पुढे व्ही. शांताराम झाला नाही, जो जन्मभर चांगला रंगारी किंवा चांगला सुतार राहिला, त्याचे शिकणे काही कमी प्रतीचे नव्हते. त्याचे पुस्तक कोण लिहिणार? ते कादंबरीकाराचे काम होते, आणि आम्ही कादंबरीकारांनी ते केले नाही.

६

आता मी माझ्या चुकीकडे परत येतो. मी सरस का विसरलो?

मला वाटते, मी कारागीर पाहिला कारखान्यात, पण लिहिताना उतरवला पुस्तकांतून. वाचून वाचून माझ्या मनात अशी समजूत बसली होती की, कला म्हणजे झपाटणे, आणि झपाटणे एका रात्रीत होते. वाङ्मयात कवी असा लिहितो, चित्रकार असा रंगवतो, गायक असा गातो. मी माझ्या कारागिरालाही त्यांच्याच पंगतीत बसवायला निघालो. त्याचा मान वाढवावा एवढाच माझा हेतू होता. प्रत्यक्षात मी त्याचा अपमान केला. त्याची थोरवी ज्या थांबण्यात होती तेच मी काढून टाकले. बायको वारल्याच्या रात्री भोपळ्याला सरस लावून, दोरी आवळून, जो माणूस ते वाद्य तसेच ठेवतो आणि घरी जाऊन पोरांना निजवतो, आणि जोडाला हात लावण्यापूर्वी तो वाळेपर्यंत थांबतो, त्याचे दुःख माझ्या नायकाच्या दुःखाहून मोठे आहे.

लेखकापुढची अडचण मी नाकारीत नाही. उमेदवारीत घटना नसतात. चार महिने सरस तापवला, दोन महिने धार लावली, यावर प्रकरणे कशी रचायची? वाचक कंटाळेल. पण मी उलट विचारतो, त्या मुलाचे मन त्या सहा महिन्यांत रिकामे होते काय? शंभरदा चुकलेले ‘आता?’ आणि एकदा बरोबर आलेले ‘नाही अजून’ यांच्यामध्ये जे घडले ते घटना नव्हे काय? लग्ने, मरणे, खून, फितुरी यांतच घटना पाहण्याची सवय आम्हाला लागली आहे. माणसाच्या कानात फरक पडणे ही घटना आहे, हे आम्हाला सुचत नाही.

मी शाळेत कार्यानुभवाचा तास घेतो. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी हस्तव्यवसायातून सगळे शिक्षण द्यावे अशी कल्पना मांडली. तिची एक दूरची आठवण या तासाच्या रूपाने उरली आहे. तास पस्तीस मिनिटांचा. दिवाळीच्या आधी आम्ही आकाशकंदील करतो. बांबूच्या कामट्या तासणे, सांगाडा बांधणे, कागद चिकटवणे. मुलांना घाई असते. खळ ओली असतानाच ती कंदील उचलतात आणि कागद सुरकुततो. पूर्वी मी ओरडत असे. आता मी ओरडत नाही. “उद्या बघू,” म्हणतो आणि सगळे कंदील फळीवर ठेवून देतो. मुले नाखुशीने जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्याही आधी ती फळीपाशी येतात आणि बोट लावून बघतात. त्या बोट लावण्यात माझा अभ्यासक्रम पुरा होतो.

कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी ते प्रकरण नव्याने लिहिले. रात्र एकच होती, तिचे सात आठवडे झाले. प्रकाशकांना ते फारसे पसंत पडले नाही. पहिल्यातला जोर गेला, असे त्यांचे मत आहे, आणि ज्या वाचकांना पहिले प्रकरण आवडले होते त्यांतल्या दोघा-तिघांनी तसे कळवलेही. त्यांचे म्हणणे कदाचित बरोबर असेल. हळू चालणारे प्रकरण उत्कट कसे करावे, ही विद्या मला अजून साधलेली नाही. त्या कामात मी अजून उमेदवारच आहे.

नवी प्रत मी मिरजेला नेऊन दिली. नातू आता सांगलीला कॉलेजात जातो आणि दुपारनंतर कारखान्यात बसतो. हे काम त्याच्यावर कोणी लादलेले नाही. पुढे तो त्यात राहील की नाही हे त्याचे त्यालाच ठरवायचे आहे. काही दिवसांनी मी त्याला फोन करून विचारले, “वाचून दाखवलेस काय? काय म्हणाले?”

“दाखवले,” तो म्हणाला. “काही विचारले नाही. शेवटपर्यंत ऐकले आणि मला म्हणाले, ऊठ, सरस ठेव तापायला.”